नाकेदाराने नेलेली कुऱ्हाड

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण काही मिटत नाही. कुरखेड्याच्या जंगलात तुम्ही जंगलखात्याचे नाकेदार होतात. शेजारच्या गोंड भाऊंनी घराचा मोडका वासा बदलायला सागाची एक बल्ली तोडली आणि तुम्ही त्यांची कुऱ्हाड जप्त करून आपल्या चुलीमागे आणून ठेवलीत. आई म्हणाली, खांद्यावर कुऱ्हाड नसली की तो माणूस गावात उघडा फिरल्यासारखा. तुम्ही भात कालवत सांगितलंत, कायदा इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. अहो, त्याच इंग्रजानं रेल्वेचे रूळ बसवायला डोंगरच्या डोंगर सागवान तोडून नेलं, मग उरलेल्या रानाभोवती रेघ ओढली आणि रेघेच्या आत जन्मलेल्यांना चोर म्हटलं. तो गेला, आणि रेघ राखायला तुम्ही! पण तेव्हा मला हे कुठलं सुचायला, तुम्ही हात धुवायला उठलात.

पुढे जंगलातले बंदूकवाले आले. गावात त्यांना नुसतं 'आतले' म्हणत. त्यांनी गाव गोळा केलं, तुम्हाला मधे बसवलं आणि विचारलं, याचं काय करायचं? आई माझा हात आवळून उभी. तेव्हा भाऊच उठले.

"याले माराचं नाई," ते म्हणाले. "कायदा याचा नोहे. हा त पढवलेला पोपट हाये."

तुम्ही सुटलात. मला वाटलं, आता तरी कुऱ्हाड परत द्याल. तर आठवड्याच्या आत तुम्ही भाऊंची दुसरी, नवी कुऱ्हाड घेऊन घरी हजर. काय म्हणावं तुम्हाला! आईनं त्या दिवशी तुम्हाला वाढलंसुद्धा नाही. "जीव वाचवला म्हणून सोडलं, त मी नाकेदार कायचा?" तुम्ही म्हणालात. आजही आठवलं की डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं.

भाऊंची मुलगी माझ्याच वर्गात होती. त्यानंतर ती शाळेत आली नाही, आतल्यांत गेली. मी विचारलं तर भाऊ एवढंच म्हणाले, "तिच्या बापानं दोनदा मान खाली घातली. तिनं दोन्ही खेप पाह्यलं."

आता मी चंद्रपूरला असते. जंगलावर गावाचा हक्क मानणारा नवा कायदा आलाय, साहेब लोक भाषणात भाऊंसारख्यांना जंगलाचे राखणदार म्हणतात. एवढं म्हणायला इतकी माणसं मरावी लागली का? चकमकीची बातमी आली की मी पेपरात मेलेल्या बायकांत तिचं नाव शोधते. नसलं की जीव भांड्यात पडतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहिते आहे, बाबा: तेव्हा मला आधी तुम्ही सुटलात, तिचं मरण तुमच्या माथी आलं नाही असं वाटतं, तिचा विचार मागाहून येतो.