शाळेसमोरचं केशरी जॅकेट

५ फेब्रुवारी, सकाळ
काल शाळेसमोर दुधाच्या टेम्पोने मुलीचं दप्तर उडवलं. दप्तर तिच्या पाठीवरच होतं. गुडघे खरचटले, बाकी ठीक. बायको सांगत होती, मी शांतपणे ऐकून घेतलं. काही वाटलं नाही. रस्ते खात्यात इतकी वर्षं काढली की माणसाला असा तोल येतो. बायको म्हणाली, शहरभर वेगाच्या पाट्या लावत फिरता, एक इथे लावा. रास्त आहे.
संकल्प: आठवड्याभरात शाळेसमोर ताशी पंचवीसची पाटी. मनात आणलं तर मी काय करू शकतो, हे घरात एकदा दिसायलाच हवं.
दुसरा संकल्प: चहा एकच कप.

६ फेब्रुवारी
चहा तीन कप. साहेबांना भेटलो. म्हणाले, मनाला येईल तो आकडा लिहायचा नसतो, आधी वेग मोजायचा. शंभरातली पंच्याऐंशी वाहनं ज्या वेगाच्या आत जातात, तो वेग लोकांना झेपतो असं धरायचं आणि तीच मर्यादा ठेवायची. नियम मला तोंडपाठ आहे, तरी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावली. साहेबांशी कसं वागायचं ते मला कळतं.
घरी समजावून सांगितलं. बायकोने विचारलं, म्हणजे टेम्पोवाल्यालाच विचारून ठरवणार? तिचा हा विषय नाही.

१० फेब्रुवारी
सर्व्हे. शाळा भरायच्या वेळी फाटकाशी उभा राहिलो. केशरी जॅकेट, टोपी, हातात वेग मोजायची गन, सगळा जामानिमा. मला बघताच एकूण एक वाहन गोगलगाय. टेम्पोवाल्याने तर सलाम ठोकला. वेग बावीस. मुलगी मैत्रिणींबरोबर समोरून गेली, ओळख दाखवली नाही. ड्यूटीवरच्या माणसाला डिस्टर्ब करू नये, एवढी समज तिला आहे.

११ फेब्रुवारी
साहेब खूश. म्हणाले, लोक आपणहून बावीसने जातात, मग पाटी कशाला? फाइल बंद. सर्व्हे मात्र नीटनेटका झाला म्हणाले. हे मी घरी दोनदा सांगितलं. बायको दप्तराचा तुटलेला पट्टा शिवत होती, तिने मान वर केली नाही. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही गेलात की सगळे परत सुसाट. मुद्द्यात तथ्य आहे.

१३ फेब्रुवारी
लपून मोजलं. जॅकेट आणि टोपी घरी खुंटीला. शाळेसमोरच्या वह्यांच्या दुकानात खोक्यांमागे बसलो. दुकानदाराला वाटलं, फुटपाथवरच्या मालावर धाड आली. त्याने सगळा माल भराभर आत घेतला, त्यातला बराचसा माझ्या मांडीवर. वेग अठ्ठावन्न! टेम्पो तर त्याच्याही वर. फार समाधान वाटलं. आता साहेबांची बोलती बंद.

१४ फेब्रुवारी
साहेब खरंच काही बोलले नाहीत. फक्त नियम लावला. लोकांना अठ्ठावन्न झेपतो, म्हणजे साठ. सही साहेबांची, आकडा माझा. नियमाला धरून काम झालं की मला शांत झोप लागते.

१७ फेब्रुवारी
पाटी लागली. शाळेच्या फाटकाला लागून, वेगमर्यादा ६०. खांब ओळंब्यात, रंग उत्तम. थोडा उशीर झाला, पण शब्द पाळला. मुख्याध्यापिकांचा फोन आला. आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं, की ही पाटी मुलांसाठी आहे की शर्यतीसाठी. मी म्हणालो, लेखी अर्ज द्या. बायको म्हणते, जे पन्नासने जात होते त्यांनाही आता जोर चढलाय. निरीक्षण बरोबर आहे.
चहा मोजायचं सोडलं.

१८ फेब्रुवारी
मुलगी आज शाळेत पोचलीच नाही. रस्ता ओलांडता येईना म्हणून अलीकडेच उभी राहिली. पलीकडे घंटा झाली, फाटक बंद झालं, मग घरी परत आली. मी विचारलं, मला फोन का नाही केलास? ती म्हणाली, तुम्ही काय केलं असतं? रागाने नाही, सहज विचारलं. नेहमीसारखा जेवलो.
संकल्प: उद्यापासून रोज सकाळी जॅकेट घालून फाटकाशी उभं राहायचं. अगदी रोज.

१९ फेब्रुवारी
उठायला उशीर. खुंटीवर जॅकेट नाही, टोपी नाही, स्वयंपाकघरातलं स्टूल नाही. बायको आणि मुलगी केव्हाच निघालेल्या. गन घेऊन धावत गेलो आणि वह्यांच्या दुकानाशी थबकलो. बायको स्टुलावरून उतरत होती. तिने जॅकेट पाटीवर चढवलं होतं, वर टोपी. साठचा आकडा पूर्ण झाकलेला. वाहनं गोगलगाय. टेम्पोवाल्याने खांबाला सलाम ठोकला.
वेग मोजला. बावीस. आत मी होतो तेव्हाही एवढाच होता.
मुलगी मैत्रिणींबरोबर आरामात रस्ता ओलांडून गेली. फाटकाशी थांबून तिने जॅकेटकडे पाहिलं, हसली आणि त्याला टाटा केला.
बरं नाही वाटलं. दुकानदाराने विचारलं, बसता का, खोकं देऊ? नको म्हणालो. बायको पलीकडे स्टूल धरून उभी होती. तिच्याकडे जावं, स्टूल तरी आपण उचलावं, असं वाटलं. जॅकेटच्या जरा पुढून रस्ता ओलांडायला निघालो. साध्या शर्टात. जॅकेट मागे पडलं की गाड्या परत वेग घेत होत्या. कुणीच थांबेना. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग स्टूल घेऊन ती निघून गेली.