बेलभंडारा कुणी उचलायचा?

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥
मुरगूड, २ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
पिराजीचा सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघंही ओरडतो आणि मुद्दा बाजूला राहतो, म्हणून पत्र लिहितोय. आमच्या क्रांतीचं पेठ वडगावच्या राजवीरशी ठरलं, सुपारी फुटली, हे तुला माहीत आहे. आता अडलंय. कॉलेजात असताना पन्हाळ्यावर एका मुलासोबत काढलेला तिचा फोटो कुणीतरी राजवीरच्या आजीला, झुंबरबाईंना दाखवला. त्या म्हणतात, लग्न मोडायचं नाही, पण मुलीनं महादेवाच्या देवळात बेलभंडारा उचलून शपथ घ्यावी की आपलं पाऊल कधी वाकडं पडलेलं नाही. तेवीस तारखेच्या रविवारी ते येणार आहेत.

क्रांती नाही म्हणते. तुझं ती ऐकते. तू जिल्हाभर व्याख्यानं देतेस, दोन शब्द तिलाही सांग. देवापुढं बेल हातात धरायचा आणि सुटायचं, एवढंच तर आहे. तुझ्या भावजयीनं जेवण सोडलंय. दूध संस्थेत मी आत गेलो की चार माणसं बोलायची थांबतात.

बाकी सर्व ठीक. लोभ आहे तसाच असू दे.

तुझा,
पिराजी


कोल्हापूर, ६ फेब्रुवारी

चि. पिराजीस,
आक्काचे अ. आ.

भावजयीला सांग, उपास देवासाठी करावा, झुंबरबाईंसाठी नाही.

मी क्रांतीला समजावणार नाही. फोटोतला मुलगा कोण, हे मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. एवढं मात्र तिनं आपणहून सांगितलं, की सुपारीच्या आधीच तिनं राजवीरला सगळं सांगून टाकलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, माझंही एक होतं, ते संपलं, तुझंही संपलं. मग आता तो आजीच्या पदराआड कसा गेला?

तुला वाटेल, आक्का स्वैराचाराची बाजू घेते. नाही. दिलेला शब्द पाळावा, ज्याच्याशी संसार मांडला त्याला फसवू नये, हे मी तीस वर्षं व्यासपीठावरून सांगत आले. पण तो नियम आहे म्हणता, तर दोघांना लावा. बाईचं शील देवापुढं सिद्ध करायचं आणि पुरुषाचं शील त्याच्या आजीच्या शब्दावर मान्य करायचं, याला मी धर्म म्हणत नाही. म्हशीच्या बाजारात दात कसे बघतात, ते तुला माहीत आहे. हे तेच आहे, फक्त देवळात.

माझी अट एकच. बेल आधी राजवीरनं उचलावा. मग बोलू.

थोरली म्हणून ऐकू नकोस, पटलं तर ऐक. मायेत मात्र कमी करू नकोस.

तुझी,
आक्का


मुरगूड, ११ फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. न.

व्याख्यान देणं सोपं आहे. टाळ्या घेऊन तू घरी जातेस, गावात आम्हाला राहायचं असतं. रागावू नकोस, पण भरलं घर सोडून तू वर्षभरात माहेरी आलीस. त्यानंतर आबा चावडीवर बसायचे बंद झाले, ते कायमचे. नांदायचं कसं, हे माझ्या पोरीला तू न सांगितलेलंच बरं.

राग लिहिला, माया पोटात आहे.

पिराजी


कोल्हापूर, १५ फेब्रुवारी

चि. पिराजीस,
अ. आ.

अडतीस वर्षं जे बोलले नाही ते आज लिहिते.

लग्नानंतर चौथ्या महिन्यात, गडमुडशिंगीच्या घरी, मला बेलभंडारा उचलायला लावला. बेल तूच आणून दिलास. माझ्या सासूनं पूजेला हवा असा निरोप धाडला होता. तू कॉलेजातून सायकलवर आलास, परडी दिलीस, चहा पिऊन गेलास. कॉलेजातला एक वर्गमित्र मला पुस्तकं वाचायला द्यायचा, एवढा माझा गुन्हा. मी बेल उचलला. शपथ खरी होती, अक्षरन् अक्षर. पुढच्या महिन्यात नवऱ्यानं पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. म्हणाला, खोटी शपथ घेणारीही अशीच दिसते. तेव्हा मला कळलं की त्याला उत्तर नकोच होतं. त्याला मी रोज समोर हात जोडून उभी हवी होते. सहाव्यांदा विचारलं, त्या दिवशी मी पिशवी उचलली आणि एसटीत बसले.

मी नांदले नाही, हे खरं. पण मी खरी होते म्हणून निघाले. खोटी असते तर राहिले असते.

आबांना सांगितलं नाही, कारण तेही तेच विचारतील अशी भीती होती. तू विचारशील, याचीही होती.

रविवारी मी येणार नाही. आत्यानं फितवलं म्हणून पोरगी अडली, असं कुणी म्हणायला नको. बाप तू आहेस. तू उभा राहा.

आशीर्वाद तिघांना,
आक्का


मुरगूड, २४ फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

काल राजवीरकडची सात माणसं आली. बेलभंडाऱ्याची परडी मीच देवळात भरून ठेवली होती. झुंबरबाईंनी क्रांतीला पुढं बोलावलं, तेव्हा मी मध्ये आलो आणि राजवीरला म्हणालो, “पावणं, आधी तुम्ही उचला.”

तो हसला. कुणीच हसेना, तेव्हा त्यानं आजीकडं बघितलं. झुंबरबाई म्हणाल्या, गड्याला असलं कोण विचारतंय. मी परडी धरून उभाच राहिलो. मग क्रांती त्याला म्हणाली, “तू बी उचलू नगंस. ‘हिला कुणी इचारायचं न्हाय’, एवढं तरी म्हण की.” तो खाली बघून चपला शोधायला लागला.

सुपारी मोडली. झुंबरबाई जाताना पायरीवर बरंच बोलल्या, ते लिहीत नाही. गाव महिनाभर बोलेल, बोलू दे. संस्थेत आज मीच आधी विषय काढला, तर सगळे दुधाचं फॅट बघायला लागले. घरी सात माणसांचा पांढरा रस्सा उरला होता. क्रांतीनं तीनदा मागून घेतला. तुझी भावजय आधी रडली, मग तीही ताट घेऊन तिच्याशेजारी बसली.

आक्का, त्या दिवशी गडमुडशिंगीहून मी गाणं म्हणत परत गेलो होतो, बहिणीच्या सासरी पूजा आहे म्हणून. तू उंबऱ्यात उभी होतीस. चहा गोड झालाय का, एवढंच तू विचारलंस, आणि मी तुला काहीच विचारलं नाही.

काल पावणं गेल्यावर मी परडी घेऊन गाभाऱ्यात गेलो आणि सगळा बेल महादेवाला वाहिला. भंडारा पोरीच्या कपाळाला लावला. त्यातला चिमूटभर कागदात बांधून या पाकिटात घातलाय, तो तुझा. काही म्हणायचं नाही, नुसता लावून घे.

तुझा,
पिराजी