बाटलीतलं धान

जळगाव जामोद,
४ ऑक्टोबर १९७६

प्रिय सहदेव,

तुझं पत्र पोचलं. खुशाली विचारलीस, बरं वाटलं; पण त्याखालच्या चार ओळी वाचल्यापासून घास गोड लागत नाही. धानात भेसळ माझ्या बाबांनी केली असेल, असं तू लिहिलंस तरी कसं?

तुझ्या बाटलीतल्या रोपाचं बी इथे पेरायला पाठवायचं तूच ठरवलंस. सातपुड्याच्या पायथ्याला सगळी कपाशी नि ज्वारी, धान कोणी पेरत नाही, म्हणजे दुसरा दाणा मिसळायची भीती नको, हे तुझंच म्हणणं. बाबांनी विहिरीजवळचा वाफा दिला, पाखरं राखायला स्वतः बसले. परागकणापासून बाटलीत वाढवलेलं, औषधाने गुणसूत्रं दुप्पट केलेलं रोप. त्याची लेकरं सगळी एकसारखी निघणार, असं मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. आता वाफ्यात काही धान कमरेला लागतंय, काही गुडघ्याला. काही कधीच निसवलं, काहींची लोंबी अजून पोटरीतच अडकलेली. तुझं पत्र वाचून दाखवलं तर बाबा एवढंच म्हणाले, "त्या पोराले सांग, तुह्या पुडीतल्या बियाशिवाय एक दाणा टाकला नाही म्या. काऊन टाकू?" आणि उठून गेले.

तेव्हापासून मागचं सगळं उलगडून बघते आहे. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत आम्हा सगळ्यांच्या बाटल्यांतून रोपं आली ती पांढरीफटक, लगेच मान टाकणारी. तुझ्या बाटल्यांना तर बुरशी लागली होती. मीच त्या धुवायला टाकल्या. मग भावाच्या लग्नाला मी गावी आले, आणि परत येते तो तुझ्या फळीवर हिरवीगार रोपं! मी वेडीने सगळ्यांना पेढे वाटले. मुळं बघू दे म्हटलं तर तू बाटली पाठीमागे धरलीस. लाजलास, असं वाटलं मला. आता वाटतं, त्या मुळाला रुजल्या दाण्याचं टरफल चिकटलेलं असणार. दोन वाणांच्या संकराचं साधं बी रुजवून बाटलीत उभं केलंस ना? तशा रोपाचीच लेकरं अशी उंच-बुटकी, मागेपुढे निघतात. कुठेतरी पाणी मुरतंय, सहदेव, आणि ते माझ्या बाबांच्या वाफ्यात नक्कीच नाही. संशय घ्यायला मला आवडत नाही. तुझ्यावर तर मुळीच नाही. पण रोज सकाळी वाफ्यावर जाते आणि संतापून परत येते.

काल आपल्या प्रयोगशाळेच्या सरांचं पत्र आलं. धान एकसारखं आलं, असं माझ्या सहीने कळवायचं आहे. मग हे बी भंडाऱ्याकडच्या धानकऱ्यांना वाटलं जाईल. आणि याच महिन्यात तुझ्या आई मला बघायला शेगावला येणार आहेत. सही मी करणार नाही. सरांना मीच कळवलं तर तू कायमचा संपशील, म्हणून आधी तुला लिहिते आहे. तूच जाऊन त्यांना खरं सांग, आणि बाबांची माफी माग. मला खोटी ठरवता आलं तर जरूर ठरव, माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. नाहीतर आईंना शेगावचं तिकीट काढू देऊ नकोस.

अजून तरी तुझीच,
द्वारका