साडेपाचचा देव

मोरबी, गुजरात
२ नोव्हेंबर २०२५

श्रीहरीभाऊ,

रामराम लिहीत नाई, तो तुह्यापाशी भरपूर हाय. मी बरा हावो. तू, वहिनी, पोरी बरे असान. पाकीट पाहून घाबरू नको, इकडं कोनी मेलं नाई. फोनवर लिहिलं असतं तं तू खाली दोन हात जोडलेले पाठवले असते आन झालं असतं. कागद बोटानं पुढं ढकलता येत नाई, म्हनून कागद. सातवीपर्यंतचं लिहिनं हाय, समजून घेजो.

इकडची खबर म्हंजे टाइलची कंपनी. पहिले भट्टीवर होतो, ठेकेदारासंगं वाजलं, आता पॅकिंगले हावो. दीड वर्षात ही तिसरी कंपनी. माहा पाय कुठी टिकत नाई. खोलीत सहा जन, दोघं ओडिशाचे, बाकी बिहारचे. भात भेटते, पन तो दाताले लागते, आपल्यासारखा नाई.

आता मुद्द्याचं. भाऊ, ते देव पाठवनं बंद कर.

रोज सकाळी साडेपाचले फोन वाजते. सोमवारी शंकर, मंगळवारी हनुमान, गुरुवारी दत्त. खाली गुलाबाचं फूल आन 'आपला दिवस मंगलमय जावो'. आपला म्हंजे कोनाचा? तुह्या फोनात शंभर लोकं असतीन, त्यातला मी एक. एकदा पाठवलं, अकरा जनाले पाठव, संध्याकाळपर्यंत चांगली बातमी येईन. माह्या फोनात ठेकेदार धरून नऊ नंबर हायेत. बातमी काऊन येईन?

पोळ्याले मी विचारलं, माह्या आईचा गुडघा कसा हाय. तं गणपती आला. दसऱ्याले विचारलं, आई घरीच हाय का मामाकडं गेली. तं देवी आली, वाघावर बसून.

वाघावर, भाऊ. मले माहीत हाय, तू पाहून पाठवलं नसन. कोनाकडून तरी आलं, तू ढकललं. पन मी त्या दिवशी कामावर गेलो नाई.

देवाचा मले राग नाई. मी तं दिवसभर देवच पाहातो. आमच्या लाइनवर देवाच्या टाइली निघतेत. कोपरा उडाला की भंगारात. पहिल्या दिवशी मी पाया पडलो तं मुकादम हासला. म्हने, 'अरे पागल, कितनों के पाँव पड़ेगा? दिन के चार हजार निकलते हैं.' मी विचारलं, एवढे देव घेते कोन? तो म्हने, जिन्याच्या कोपऱ्यात लावतेत, जिथं लोकं खर्रा खाऊन थुकतेत तिथं. देव दिसला की कोनी थुकत नाई.

ते माह्या डोक्यात बसलं. तू बी तेच करून राह्यला, भाऊ. त्या जाग्यावर रोज सकाळी एक टाइल लावतो, म्हंजे तिथं कोनी तोंड उघडू नये.

कोनती जागा ते तुले माहीत हाय. मले बी. आईले नाई.

साडेपाचलेच तू तुह्या घरून येऊन आमच्या दारात आवाज द्यायचा, 'उठ बे लच्छ्या, मोहा पडून राह्यला, सारा हरनं खाऊन टाकतीन.' त्या दिवशी बी दिला. आपन तिघं गेलो. बाबा खाली बसून मोहा वेचत होता. तू नाल्याच्या पल्याड. मी टोपली घेऊन बाबापासून दहा पावलावर. झुडूप हाललं ते बाबाच्या पहिले मी पाह्यलं. तोंडातून आवाज निघाला नाई. मंग बाबानं हाक मारली. 'लच्छू.' एकदाच.

मी पळालो.

तू वरडत कुऱ्हाड घेऊन नाला उतरला, ते मी पळता पळता पाह्यलं. मी गावाबाहेरच्या बोडीपर्यंत गेलो आन काठावर पाय धूत बसलो. पायाले काही लागलं नवतं, तरी धूत होतो.

फॉरेस्टवाले बयान घ्याले आले तं तू म्हनला, 'आमी दोघंच होतो साहेब. पोरगा घरी झोपून होता.' तू माह्याकडं पाह्यलं बी नाई. मले वाटलं, चार दिवसानं मीच सांगीन. मंग गाव बोलाले लागलं की श्रीहरी सोमाजीले वाघापुढं टाकून आला. तेरवीले आई तुले सर्वायदेखत म्हनली, 'माह्या मानसाले टाकून आला आन आता त्याचंच जेवाले बसला काय?' तू पत्रावळीवरून उठला. मी वरन वाढत होतो. तुह्या पत्रावळीत बी मीच वाढलं होतं. मी पुढच्या पत्रावळीवर गेलो. तेरवीनंतर आठव्या दिवशी गाडीत बसलो.

आन आता तुलेच आईची खबर विचारतो, जिच्या दारात तुले उभं राहता येत नाई. हे लिहितानी मले समजलं. तू देव नाई तं काय पाठवशीन?

म्हनून हे एक कर. हे पत्र आईले वाचून दाखव. तिले वाचता येत नाई आन दुसऱ्या कोनाले देऊ नको. तिनं हाकललं तरी दारातून मोठ्यानं वाच. ती म्हनली की येऊ दे, तं फोनवर एकच अक्षर लिही, स्वतःच्या बोटानं: ये. नाई म्हनली तं तुहा देव पाठवजो. मी समजीन.

दहा पावलावर होता तो,
लच्छू


मोरबी
५ डिसेंबर २०२५

श्रीहरीभाऊ,

तू खुशाल असशीन, कारन देव येऊन राह्यले.

पत्र दहा नोव्हेंबरले पोचलं असं डाकघरातल्या बाईनं कॉम्प्युटरात पाहून सांगतलं. अकराले साडेपाचले फोन वाजला. दुपारच्या सुट्टीपर्यंत मी खिशातून काढला नाई. काढला तं हनुमान होता. मंगळवार होता. बाराले गणपती. आजचा धरून पंचवीस झाले.

आता मी इथं बसून विचार करतो. तू वाचलं आन आई नाई म्हनली. नाई तं तू वाचलंच नाई, पत्र देवाच्या फोटोमागं खोसून ठेवलं. नाई तं वाचलं, ती येऊ दे म्हनली, आन झोपेतलं तुहं बोट सवयीनं चाललं. मीच अट अशी घातली की मले फरक कळनार नाई. सातवीचं डोकं.

संगची पोरं म्हनतेत, फोन लावून विचार ना बे. लावला होता, तुले आठवत असन. तू उचलला. मी म्हनलो, 'भाऊ.' तू म्हनला, 'हाव.' मंग मी फोन कानाले धरून राह्यलो. तुह्या घरातला कुकर वाजला तो मले आयकू आला. टॉवरची चूक नवती.

पुन्हा विचारनार नाई. तू माह्यासाठी एकदा खोटं बोलला, ते दीड वर्ष डोक्यावर घेऊन फिरून राह्यला. आता खरं बी तूच सांग म्हननं, ते बी मी पळूनच सांगून राह्यलो.

आईले मीच सांगाले पाह्यजे. गाडी बल्लारपूरपर्यंत येते, ते मले माहीत हाय. तिथून सावली गावाची बस बी माहीत हाय. पन सोमवारपासून मी दुसऱ्या कंपनीत चाललो, तिकडं बाथरूमच्या टाइली हायेत. पत्ता पाकिटाच्या मागं लिहिला.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, देव बंद कर. तेवढं खोडून टाक. मी उघडून पाहात नाई, फक्त वाजलेला आयकतो. ज्या दिवशी साडेपाचले वाजनार नाई, त्या दिवशी मले उठवाले कोनी राहनार नाई.

उठून बसलेला,
लच्छू