लॅमिंग्टनची किल्ली

मी, मेरिन ट्रेव्हॅस्किस, वय ६८, धंद्याने प्रोग्रॅमर, राहणार टुवूंबा, क्वीन्सलंड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर स्वतःच्या हट्टाने हे लिहून ठेवते. मंगळवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. मी घरी परत येणार आहे, तसे डॉक्टरांनाही बजावले आहे. तरी मागे गोंधळ नको. याआधीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर भाची टॅम्सिन हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. मागच्या अंगणातल्या कॅमेलियाची छाटणी फुले सरल्यावर करायची असते. गेल्या वर्षी तिने काय केले ते मी विसरलेले नाही.

२. बँकेतली शिल्लक निम्मी टॅम्सिनला, निम्मी आमची हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेची मंडळी दर महिन्याला जिथे जमतात त्या वाचनालयाला. आधी तिथला पंखा दुरुस्त करावा, मग पुस्तके.

३. "हे अजून का झालं नाही?" असे माझ्या कोडबद्दल मला सतत लिहून विचारणाऱ्या आणि स्वतः एक ओळही न लिहिणाऱ्या सर्व सज्जनांना काहीही मिळणार नाही. त्यांनी वाट पाहत राहावे.

४. लॅमिंग्टन. टॅम्सिनसाठी एकदा नीट लिहिते, कारण नावावरून तिला ही केकची पाककृती वाटते. हॅस्केल भाषेत मोनॅड ट्रान्सफॉर्मर म्हणून थर असतात. एक थर प्रोग्रॅमला आठवण देतो, दुसरा चूक पकडतो, आणि ते एकावर एक रचायचे असतात. ते रचून देणारी लायब्ररी, पुस्तकांची नव्हे तर इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडची, म्हणजे माझे लॅमिंग्टन. आठवण तळाशी असेल तर मध्येच चूक झाली तरी आधीचे काम शिल्लक राहते. उलटे रचले की पहिल्या चुकीसरशी सगळे पुसले जाते. माझी अर्धी हयात हा क्रम सांभाळण्यात गेली आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही.

५. लॅमिंग्टनची नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याची किल्ली, म्हणजे एक पासवर्डच, माझ्या एकटीकडे आहे. सांभाळणारा गप्प झाला की जाहीर विचारणा करायची, आणि उत्तर आले नाही तर मागेल त्याने लायब्ररी ताब्यात घ्यायची, अशी आमच्यात पद्धत आहे. सिडनीची एक कंपनी त्यासाठी टपून बसली आहे. तिला वेग हवा आहे, आणि त्यासाठी थर उलटे करायला तिची हरकत नाही. टॅम्सिनने त्यांना "नाही" म्हणावे. कारण विचारले तर पुन्हा "नाही" म्हणावे.

६. डॅरिल क्रोगर, आमच्या हॅस्केल मंडळींपैकी. आईच्या दफनासाठी मी मूंटाला गेले तेव्हा किल्ली याच्याकडे ठेवली होती. त्याने वेगासाठी थर उलटे केले आणि नवी आवृत्ती सोडून दिली. डॅल्बीजवळच्या धान्यकोठाराचा वजनकाटा लॅमिंग्टनवर चालतो; तिथे एका ट्रकचा नंबर चुकीचा वाचला गेला आणि त्या सकाळच्या सगळ्या वजनांची नोंद पुसली गेली. रिकामे होऊन निघालेले ट्रक, भर सुगीत! फोनवर हा कोड तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा हवाला देत म्हणतो, "कंपायलरने हरकत घेतली नाही, मेरिन!"

"कंपायलरने कधी गहू पाहिलाय का रे?"

किल्ली मी त्याच दिवशी काढून घेतली. तो मात्र गाडी काढून डॅल्बीला गेला, शेवटच्या शेतकऱ्याच्या शिव्या खाईपर्यंत काट्यापाशी उभा राहिला आणि परत येऊन त्याने एक चाचणी लिहिली. ती मुद्दाम मध्येच चूक करते आणि मागे काय उरले ते तपासते. मी ती घेतली. आभार मानले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक आवृत्ती तो आधी वाचतो, कोणी न सांगता.

"या ओळीत घाई दिसते."

"किल्ली तुझ्याकडे नाही, डॅरिल."

"नसू दे. घाई दिसते."

दर वेळी घाई असायचीच. त्याचा मला फार राग येतो.

७. यातले एखादे कलम कोर्टात टिकले नाही, तरी बाकीची शाबूत राहावीत. हा कागदही मी त्याच क्रमाने रचला आहे.

८. आता किल्ली. आज सकाळी डॅरिल केकचा डबा घेऊन आला. माझ्याकडे सह्यांची तयारी पाहून म्हणाला, "साक्षीदार हवेत ना? मी करतो सही. पेनही आणलंय."

"तुझी सही नको."

"अजूनही? साध्या साक्षीपुरताही भरवसा नाही माझ्यावर?"

"नाही म्हटलं ना. चहा घे."

तो व्हरांड्यात तोंड फिरवून बसला आहे. मी हे लिहिते आहे तेव्हाही तिथेच आहे, आणि मला वाईट वाटते आहे. डॅरिल, मृत्युपत्रावर जो साक्ष करतो त्याला त्यातून काही घेता येत नाही, असा कायदा आहे. किल्ली तुला दिली आहे. थरांना हात लावू नकोस. चाचणीबद्दल आभार.

मी मंगळवारी तगले तर हे तुला कळणार नाही, आणि आपले भांडण पुढे चालू राहील. माझा तोच विचार आहे.

ठिकाण: टुवूंबा. दिनांक: २१ सप्टेंबर २०२४.

सही: मेरिन ट्रेव्हॅस्किस

आमच्या दोघांच्या समक्ष, हसतखेळत सही झाली:
१. सिसीलिया फालेओलो, शेजारीण
२. ग्रेहॅम पॅस्को, निवृत्त पोस्टमन