एक तास पुढे, बावीस पायऱ्या वर

ती. दाजींना,

दोन्ही पाय जमिनीवर घट्ट ठेवून केलेला नमस्कार.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे ही बरी आहे. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (रीत म्हणून विचारत नाही. खरंच जाणून घ्यायचं आहे, जमल्यास डॉक्टरांच्या शब्दांत.) विजेच्या खांबांवर तीस वर्षं चढलेला माणूस निवृत्त झाला तरी त्याचे पाय चढणं विसरत नाहीत, असं मी परवाच हिला म्हणालो. ताईला सांगा, तिने विणलेला स्वेटर अजून होतो. पत्र लांबेल. उत्तराची घाई नाही.

उन्हाळी वेळेचा वाद तुमच्या कानावर आला असेल. उन्हाळा लागला की सगळ्यांनी घड्याळं एक तास पुढे करायची, थंडी लागली की मागे घ्यायची, म्हणजे संध्याकाळचा उजेड फुकट जात नाही, असा बेत आहे. लोकांना ही मनगटावरची गोष्ट वाटते. मी नगरपालिकेच्या मनोऱ्यातलं घड्याळ सांभाळतो. माझ्यासाठी ती बावीस पायऱ्यांची गोष्ट आहे. खाली कचेरी, तिच्यावर आमच्या दोन खोल्या, त्यांच्यावर यंत्राची खोली. इथपर्यंत दगडी जिना आहे, जिन्याला भिंत आहे, आणि भिंतीला चिकटून मी आहे. किल्ली इथेच द्यायची, लंबकही इथेच. पण काटे फिरवायचा स्क्रू तबकडीच्या मागे, आणखी वर, आणि तिथे जायला भिंतीत ठोकलेली बावीस पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी. अकरा वर्षांपूर्वी मुलाखतीत विचारलं होतं, उंचीची भीती नाही ना? मी छे म्हणालो. (बसून म्हणालो. खुर्ची बुटकी होती.) आधीच्या घड्याळजींनी शिडी दाखवली तेव्हा म्हणालो, सोमवारी बघतो. तो सोमवार अजून यायचा आहे.

मग इतकी वर्षं घड्याळ बरोबर कसं, असं तुम्ही विचाराल. वॉशरमुळे. लंबकाच्या दांड्यावर एक छोटी ताटली आहे. तिच्यात वॉशर टाकला की घड्याळ किंचित पळतं, काढला की रेंगाळतं. रोज सकाळी रेडिओशी वेळ ताडून मी वॉशर टाकतो किंवा काढतो. घड्याळ चुकलंच नाही तर काटे फिरवावे लागत नाहीत, आणि काटे फिरवायचे नसतील तर शिडी ही नुसती भिंतीची शोभा. माझ्या वहीत अकरा वर्षं एकच शेरा आहे: फरक नाही. पण एक तासाचा वॉशर बाजारात मिळत नाही. निवृत्तीला नऊ वर्षं उरली. वर्षातून दोनदा म्हणजे अठरा चढाया, उतरणं धरलं तर सातशे ब्याण्णव पायऱ्या. (उतरणं धरावं लागेलच याची मला खात्री नाही.)

ही या वादात पलीकडच्या पक्षाची. ती शिवणकाम करते. संध्याकाळी तासभर जास्त उजेड म्हणजे चार काजं जास्त, एवढाच तिचा हिशेब. दर गुरुवारी दुपारी मी जेवून आडवा झालो की ती शिवण घेऊन चांगल्या उजेडाला कुठेतरी जाऊन बसते. कुठे, ते मी कधी विचारलं नाही. (मागे एकदा गिऱ्हाइकाच्या कॉलरवर तेलाचा डाग पडला होता. मशीनचं तेल, असं सांगून आम्ही वेळ मारून नेली.)

परवा जाहीर सभा झाली. पाच जणांची समिती, मधोमध नगराध्यक्षबाई. दूधवाली म्हणाली, "गाईंना कोण कळवणार? त्यांचं कोणी समितीत आहे का?" मुख्याध्यापिका म्हणाल्या, पोरं अर्धवट झोपेत शाळेत येतील. मागून कोणीतरी म्हणालं, "आत्ता काय पूर्ण जागी येतात?" बेकरीवाला समितीतच आहे आणि तो विरोधात होता. "तुम्ही कूस बदलता तेव्हा मी उठतो," तो म्हणाला, "आता झोपूच नको का?" तीन विरुद्ध दोन असं आमचं जमत आलं होतं. मी गप्प राहिलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण भीती माणसाला बोलकं करते. मी उठलो आणि सूर्य, शिस्त आणि सत्य यांच्यावर बोललो. शेवटी म्हणालो, हे घड्याळ अकरा वर्षांत मिनिटभर चुकलेलं नाही, त्याला तासभर खोटं बोलायला लावू नका. टाळ्या पडल्या. बेकरीवाल्याने डोळे पुसले. (पीठ गेलं असावं.) मग म्हणाला, "मला खरी धास्ती यंत्राची होती. काटे हलवताना ते मोडलं, तर मी भट्टी कशावर लावू? पण असा माणूस वर असताना कसली धास्ती? माझं मत बाजूने." झालं. नगराध्यक्षबाईंनी तिथेच जाहीर केलं की रविवारी सकाळी दहाला गाव चौकात जमेल, घड्याळजी काटे पुढे करतील आणि तबकडीतल्या झरोक्यातून हात बाहेर काढून सगळ्यांना दाखवतील. पुन्हा टाळ्या. मी समोरच्या खुर्चीची पाठ धरून उभा होतो.

काल शिडीला हात लावून पाहिला. गार आहे. थोडा वेळ तिच्याकडे बघत उभा राहिलो आणि मग खाली बसलो, कारण उभं राहणंही उंच वाटायला लागलं. स्वप्नात पायऱ्या तेवीस असतात. हिला काही सांगितलेलं नाही. तिची समजूत आहे की मी महिन्यातून एकदा वर जाऊन तेल घालतो. दाजी, खरं उघडं पडलं तर नोकरी जाईल, नोकरीबरोबर या दोन खोल्या जातील, आणि तिचं मशीन मी कुठे नेऊन ठेवू?

ताईला नमस्कार.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा मेहुणा

ता. क. शनिवारच्या बसने या. कमरेचा पट्टा आणा. रविवारी दहाला तुम्ही वर जायचं, मी पहिली पायरी धरून उभा राहीन. चौकातून फक्त हात दिसतो, आणि हाताला गुडघा नसतो. माझा कोट घाला. ताईला सांगा, गुडघा दाखवायला जातो आहे. पत्र बसच्या कंडक्टरकडे देतो, म्हणजे वेळेत मिळेल.

ता. क. २. येऊ नका. पत्र टेबलावर राहिलं आणि हिने वाचलं. गुरुवारी ती तबकडीच्या मागे बसते. दुधी काचेतून येतो तसा उजेड गावात दुसरीकडे नाही, सावली म्हणून पडत नाही, म्हणाली. अकरा वर्षं. जाताना एक घड्याळ घेऊन जाते आणि काटे अर्धं-पाऊण मिनिट इकडेतिकडे झालेले असले तर स्क्रू फिरवून जागेवर आणते. तेलही तीच घालते. मी विचारलं, मग माझे वॉशर? "अहो, त्यांनी काही बिघडत नाही," म्हणाली. माझ्या भीतीचं तिला पहिल्यापासून माहीत होतं. लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेतल्यांना बाकावर उभं केलं, तेव्हा मी पुढे येऊन जमिनीवर बसलो होतो, हे तिला अजून आठवतं. रविवारी माझा कोट घालून तीच हात काढणार आहे. "हात कोणाचा, ते कोण बघतंय?" वहीतला शेरा खरा आहे. फक्त तो माझा नाही.

ता. क. ३. या. आज गुरुवार. दुपारी झोप लागेना. अकरा वर्षं ती वर होती आणि मी घोरत होतो. आज ती वर आहे हे माहीत होतं. शिडीखाली उभं राहून हाक मारली. ओ आली नाही. दुसरी मारली. पुढचं नीट सांगता येत नाही, पण मी सहाव्या पायरीवर आहे. (तोंडात टाचण्या होत्या, ओ कशी देणार, असं ती आत्ता वरून म्हणाली.) वर जाता येत नाही आणि खाली बघता येत नाही. पत्र खिशात होतं, पेन्सिल कानावर होती. एक हात शिडीला आहे, कागद भिंतीला आहे, अक्षराला हसू नये. उत्तराची घाई नाही असं सुरुवातीला लिहिलं आहे, ते खोडून वाचावं. ही म्हणते, "हलू नका, एवढी काजं होऊ देत, पाचला उतरवते तुम्हाला." आत्ता साडेतीन वाजले आहेत. नव्या वेळेने पाच एक तास आधी वाजतात. समितीचं म्हणणं मला पटायला लागलं आहे.