ठिपक्यांची वाट

फरवानिया, कुवेत
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप अक्का,

हरीचा नमस्कार. विश्वासभाऊजींनाही सांग. तुझा गुडघा हल्ली कसा आहे ते मला ठाऊक नाही, पण साठीत दुखत असणारच असं धरून रेखाने मलम दिलंय. ते सोबतच्या नळकांड्याच्या तोंडाशी कापसात गुंडाळून ठेवलंय. दिवसातून दोनदा, हलक्या हाताने लावायचं. रगडायचं नाही, असं तिने दोनदा बजावलंय.

रेखाच्या हॉस्पिटलातली सलोनी सिस्टर सुट्टीवर कराडला चाललीय, तिच्या हाती हे देतोय. नळकांड्यात एक मोठा कागद आहे. तो आधी उघडू नकोस. आधी पत्र वाच. मला क्रम लागतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत!

‘पत्रास कारण की’ एवढं लिहून कालपासून तीन कागद फाडले. कारण आहे, पण ते पहिल्या ओळीत बसत नाही. अकरा वर्षांनी लिहितोय, तेव्हा थोडं इकडचं तिकडचं लिहू दे.

इथे आता उन्हाळा सरला. संध्याकाळी खिडकी उघडता येते. नेहा बारावीला आहे. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. भांडण मात्र मराठीत करते, त्यावर मी समाधान मानतो. माझं ऑफिस तेच. शहाण्णव साली वाळवंटात मापाची पट्टी धरून उभा राहणारा हेल्पर म्हणून आलो होतो. आज पुण्याचे पदवीवाले इंजिनियर आपली ड्रॉइंगं सहीला पाठवण्याआधी माझ्या टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, “हरिश्चंद्रजी, एक नजर टाका.” दहावी पास माणसाची नजर. हे तुला सांगताना बढाई वाटत असेल तर वाटू दे. तू ऐकून घेशील.

तर या नजरेची एक गोष्ट सांगतो.

रेखाच्या वॉर्डात नोरा मॅडम म्हणून एक आयरिश बाई व्यायामतज्ज्ञ आहेत. बनेद अल-गारला राहतात. तीस वर्षं इथे काढून आता कायमच्या मायदेशी निघाल्यात. त्यांच्याकडे पणजोबांच्या वेळचा जमिनीचा नकाशा होता, १९११ चा. घड्यांवर फाटलेला. कुणीतरी त्याची हाताने हुबेहूब नक्कल करून हवी होती. रेखा म्हणाली, “आमच्या घरी आहे असा एक माणूस.” नेहा म्हणाली, “बाबा, जस्ट स्कॅन इट.” मी म्हणालो, स्कॅन केलं की डाग पण येतात, काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते डोळ्याला कळतं, मशीनला नाही.

हे वाक्य लक्षात ठेव, अक्का.

नकाशा घ्यायला गेलो, तर बाईंनी चहा दिला आणि सगळी कथाच सांगितली. मला वाटत होतं युरोपातले शेतकरी म्हणजे काय, मोठमोठी कुरणं नि लाल गाई. तसं काही नाही गं. त्या काळी गावाभोवतीचं चांगलं रान जमीनदाराचं. ते तो लिलाव करून मोठ्या गुरंवाल्यांना चरायला द्यायचा, अकरा महिन्यांच्या कराराने, म्हणजे कूळ लागायला नको. अकरा महिने! मला वाटायचं ही युक्ती आपल्या घरमालकांनी काढली. आणि गावातले लोक दगडांतल्या तुकड्यांवर बटाटे लावून जगायचे. मग गावं उठली. रात्री हेझल नावाच्या झाडाच्या काठ्या घेऊन जमायचे, गुरंवाल्याची सगळी गुरं रानातून हाकलायचे आणि कोसावरच्या त्याच्या दारात नेऊन उभी करायचे. पोलीस यायचे, लोक तुरुंगात जायचे, सुटून आले की गावात वाजतगाजत मिरवणूक. आणि शपथ अशी, की अकरा महिन्यांच्या लिलावात गावातल्या कुणीच बोली लावायची नाही.

बाईंच्या पणजोबांनी लावली.

मग गावाने त्यांना टाकलं. लोहार घोड्याला नाल मारेना. दुकानदार मीठ देईना. देवळात ते ज्या बाकावर बसत तो बाक मोकळा होई. त्यांच्याकडेही इर्जिक असते बरं का, ‘मेहल’ म्हणतात तिला. कापणीला सगळी आळी एकेकाच्या रानात उतरते आणि ज्याचं रान तो जेवू घालतो. पणजीने चाळीस माणसांचं रांधलं. आलं कुणीच नाही.

मी म्हणालो, “मॅडम, पण तुमचे पणजोबा चुकलेच की.”

“चुकलेच. हावरट होते,” बाई म्हणाल्या. “पण हावरट माणसाच्या बायकापोरांनाही घरी जायला वाट लागते, मिस्टर हरिश.”

पुढे सरकारने जमीनदाराकडून सगळं रान विकत घेतलं आणि पट्ट्या पाडून गावात वाटलं. पणजोबांना काही देऊ नये असं गावाचं म्हणणं. सरकारी माणसाने दिली एक पट्टी, अगदी मागची, दलदलीला लागून. पुढच्या पट्टीवाल्यांनी सांगितलं, “दिलीत ना? ठीक. आता उडत जाऊ दे त्यांना.” मोजणीदार तीन दिवस तिथे राहिला म्हणे. कुणी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. चौथ्या दिवशी गेला, नकाशा ठेवून.

मी तो नकाशा घरी आणला. अक्का, काय हात होता त्या माणसाचा! विहिरीचा गोल, दगडी कुंपणाची दुहेरी रेघ, झाडं. त्याचं नाव कुठेच नाही. मी नऊ दिवस बसलो. ऑफिसातून आलो की हात धुवायचे आणि बसायचं. पूर्ण झाल्यावर रेखासुद्धा म्हणाली की यातला मूळचा कुठला ते कळत नाही.

गेल्या शुक्रवारी घेऊन गेलो. बाईंनी दोन्ही कागद शेजारी पसरले, चष्मा लावला आणि रेघ न् रेघ ताडून पाहू लागल्या. मी मनातल्या मनात शाबासकी घ्यायला तयार. त्यांनी एका जागी बोट ठेवलं.

“इथली वाट कुठे गेली?”

मी म्हणालो, “वाट नाही, मॅडम. घडीचा डाग आहे. मी तो साफ केला.”

त्या उठल्या, भिंग आणलं आणि माझ्या हातात दिलं. घडीच्या बरोबर काठाने बारीक ठिपके होते. एकसारखे. पुढच्या पट्टीतून मागच्या पट्टीपर्यंत. मी ते घडी झिजल्याच्या खुणा समजलो होतो.

“माझी आजी या ठिपक्यांवरून चालत बापाला चहाची किटली न्यायची,” बाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत. हसून म्हणाल्या, “चार पिढ्या आम्ही त्या अनोळखी माणसाच्या पेनावरून चाललो, आणि तुम्ही नऊ दिवसांत वाट बंद केलीत!”

मीही हसलो. सॉरी म्हणालो. तिथेच बसून ठिपके काढून दिले. मग घरी यायला निघालो तो बस सोडून चालतच, आणि दस्मानपर्यंत उलट्या दिशेने गेलो, तेव्हा भानावर आलो. मी, कुवेतचे रस्ते ज्याला पाठ, तो.

अक्का, आता लिहितो.

आबा गेल्यावर तू हक्कसोडपत्रावर सही केली नाहीस. बहिणीने साडी-चोळी घ्यावी, सही द्यावी आणि माहेर राखावं ही आपल्याकडची रीत. तू म्हणालीस, “साडी नको. आबांच्या रानातला माझा तुकडा द्या.” संग्रामदादाला ते झोंबलं. तो सगळ्यांना सांगत सुटला, अक्काला हाव सुटली. आणि मला... मलाही झोंबलं, हे मी आजपर्यंत कबूल केलं नव्हतं. इथे बसून मला वाटलं, मी परदेशात राबतोय आणि ही हिस्सा मागते. कायद्याने तुझंच होतं. तुझ्या नवऱ्यानेही कधी कुणापुढे हात पसरला नव्हता. तरी वाटलं.

वाटणीचा नकाशा मी काढला. पुढे रस्त्याला लागून दादाचा आणि माझा हिस्सा, शेजारी शेजारी. मागे ओढ्याकडचा एक एकर चार गुंठे तुझा. आणि आमच्या दोघांच्या हद्दीवरून ओढ्यापर्यंत जाणारी जुनी गाडीवाट. दादाचा फोन आला होता. “हऱ्या, वाट दाखवू नकोस. चार दिवस काट्यातून ये-जा केली की आपोआप सही करील.” हे त्याचे शब्द. पण पेन त्याच्या हातात नव्हतं, माझ्या हातात होतं. मी त्या नकाशात विहिरीचा व्यास दिलाय, करंजाच्या झाडाचा घेर दिलाय, मोटेचं पाणी पडायचं ते पडकं थारोळं दाखवलंय. वाट दाखवली नाही.

ती चुकून राहून गेली नाही, अक्का. मी गाळली.

मग दादाने बाभळीच्या फांद्या लावल्या. दिवाळीचं बोलावणं बंद. त्याच्या थोरल्याच्या लग्नात तुला पत्रिका नाही. मी आलो, जेवलो आणि विचारलंही नाही. तुझ्या रानात अकरा वर्षं नुसतं कुसळी गवत.

आणि सगळ्यात वाईट हे नाही. तू तहसीलदारांकडे वाटेसाठी अर्ज केलास. दादाने माझा नकाशा पुढे केला. तू तो बघितलास, म्हणे, उलटसुलट करून, आणि म्हणालीस, “हरीच्या नकाशात नाही म्हणजे नसेलच. माझ्याच ध्यानात चूक झाली असेल.” आणि अर्ज मागे घेतलास. दादाने मला हे फोनवर हसत सांगितलं. मी गाडीत होतो, सिग्नलला. मागचे हॉर्न वाजवत होते. मी म्हणालो, “बरं.” एवढंच.

तुझ्या ध्यानात चूक नव्हती. त्या वाटेवरून तू आबांची न्याहारी न्यायचीस. डोक्यावर पाटी, एका हाताला मी. मी रडू नये म्हणून तू पावलं मोजायला लावायचीस. करंजापासून ओढ्यापर्यंत तुझी एकशे चौऱ्याण्णव, माझी दोनशे शहात्तर. मी एकदा दोनशे सत्तर म्हणालो, तर तू मला परत करंजापर्यंत नेलंस. “मोजायचं तर नीट मोज, नाहीतर मोजूच नको.” भाकरी गार झाली म्हणून आबा तुलाच बोलले. लोक विचारतात, हरिश्चंद्रजी, मोजणी कुणाकडे शिकलात? मी मान वर करून सांगतो, कुणाकडे नाही, माझा मीच. खोटं आहे ते. आणि जिने शिकवलं तिचीच वाट त्या शिकण्याने पुसली.

आता तो मोठा कागद उघड.

हा नवीन नकाशा. करंज तिथेच आहे, त्याच्या बुंध्यापासूनची मापं माझ्या जुन्या टिपणांतून घेतलीत. गाव नकाशात पायवाटेला सव्वाआठ फूट धरतात, म्हणजे तेहतीस फुटी साखळीचे चार आणे, पाव भाग. मी साडेसोळा धरलेत. ट्रॅक्टर गेला पाहिजे. लांबी चारशे बारा फूट. सगळी माझ्या हिश्श्यातून, सहा गुंठ्यांहून थोडी जास्त. दादाचं एक ढेकूळही जात नाही. सोबत संमतीपत्र आहे, वकिलातीचा शिक्का मारून. आणखी एक साधा कागद आहे, त्यावर लिहिलंय की २०१४ चा नकाशा मी जाणूनबुजून अपुरा काढला. तो तू तहसीलला दे, नाहीतर चुलीत घाल. हक्क तुझा.

काल दादाला फोन केला.

“हऱ्या, ऊन लागलंय का तुला तिकडं? लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, हरीचा नकाशा खोटा होता.”

“आणि ते तू लिहून देणार? तू? कुणी तुझं स्पेलिंग दुरुस्त केलं तर दोन दिवस जेवत नाहीस.”

“दिलंय लिहून.”

त्याने मागचा मोटारपंप बंद केला. मग म्हणाला, “बाभळी तूच येऊन काढ. मी लावल्यात, मला काढायला लाज वाटती.” म्हणजे काढू देणार. दादाकडून एवढं म्हणजे पुष्कळ, हे तुला मी सांगायला नको.

दहा जानेवारीला, शनिवारी, मी गावात असेन. रेखा आणि नेहा बरोबर आहेत. नेहाला सांगितलंय की आत्याशी मराठीतच बोलायचं. सकाळी साडेसातला करंजाखाली कोयता, दोरी आणि चुन्याची पिशवी घेऊन उभा राहीन. तू आलीस तर आलीस. नाही आलीस तरी वाट मी साफ करीन, आणि पुन्हा विचारणार नाही. माफ कर असं इथे लिहीत नाही. ते कागदावर मागायची माझी लायकी नाही.

फक्त एक. नकाशा बारकाईने बघशील तेव्हा दिसेल की वाटेचे ठिपके शाईने काढलेत, पण ओढ्याकडच्या टोकाचे शेवटचे पेन्सिलीने. माझ्या एकोणतीस वर्षांच्या नोकरीत अर्धवट कागद मी टेबलावरून कधी उठू दिला नाही. हा दिलाय. चारशे बारा फूट हा माझा हिशोब. खरं माप एकशे चौऱ्याण्णव पावलं, आणि ती पावलं माझ्याकडे नाहीत. गुडघ्यामुळे आता दोनशे भरली, तर दोनशे लिहू.

तू मोज. मी मागून येतो.

तुझ्या बोटाला धरून मोजायला शिकलेला,
हरी